चार अंशांवर अंगठा

ओरडणं ऐकू आलं तेव्हा मी हाक्क्यांच्या गोठ्यात भिंतीपाशी उभा होतो. वळून बघितलं. कडबाकुट्टीचं मशीन भरधाव फिरत होतं आणि त्याच्यासमोर महानंदा उकिडवी बसली होती, डाव्या हातानं उजवं मनगट आवळून. मी मशीन बंद केलं आणि तिच्याकडं धावलो. उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला होता.

घरातनं तिची सासू बायाक्का पळत आली. चहाची गाळणी तिच्या हातात तशीच होती.

"काय झालं गं?"

महानंदा ओरडली होती ती एकदाच. नंतर नुसते ओठ पांढरे पडत गेले. मी माझ्या पिशवीतला सगळा कापूस आणि पट्टी तिच्या हातावर दाबून धरली आणि हात डोक्याच्या वर करायला लावला. बायाक्कानं एकदा सुनेच्या हाताकडं बघितलं, एकदा मशीनकडं. मग ती मशीनपुढच्या ढिगात हात घालून बारीक झालेला कडबा चाळायला लागली.

"हितं हाय," ती म्हणाली. हरवलेली वस्तू सापडावी तसं. "थांबा, हळद आणते."

"हळद नको आक्का. काहीच लावू नका. तो माझ्याकडं द्या."

मी माणसांचा डॉक्टर नव्हे. ही गोष्ट दोन हजार बारा सालची. जत तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. वस्त्यांवर फिरून गाई-म्हशींना लस टोचणं हे माझं काम, आणि लोक मला ऐवळे डॉक्टर म्हणायचे. त्या दिवशी लाळ्या-खुरकुताची लस घेऊन मी हाक्केवस्तीवर आलो होतो. ही लस थंड राहिली नाही तर पाण्यासारखी, टोचली काय आणि न टोचली काय. खात्याची थर्मासची पेटी होती, पण तिच्यात घालायला बर्फ मिळायची मारामार. दिवसाचे आठ-आठ तास लाईट नसायची. म्हणून सांगलीच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून मी त्याचा जुना गाडीतला फ्रीज घेतला होता. मोठ्या डब्याएवढा, वर झाकण, पुढं लाल आकड्यात आतलं तापमान दिसायचं. माझ्या जुन्या ओम्नीत सिगारेट पेटवायच्या भोकात त्याची पिन बसायची आणि गाडी चालू आहे तोवर तो बिनबोभाट चालायचा. गाडी बंद केली की मात्र तासाभरात बॅटरी खाऊन टाकायचा. एकदा तसा फसलो होतो, भर उन्हात गाडीला धक्का मारायला माणसं शोधत हिंडलो होतो. तेव्हापासनं जिथं थांबेन तिथं फ्रीज उचलून आत न्यायचा आणि त्याच्या दुसऱ्या वायरीनं घरच्या लायटीवर लावायचा, असा माझा शिरस्ता होता.

तुटलेलं बोट थंड ठेवलं तर जोडता येतं, एवढं मी कुठंतरी ऐकलं होतं. थेट बर्फात घालायचं नाही, हेही. मी अंगठा सलाईनच्या पाण्यानं धुतला, ओल्या पट्टीत गुंडाळला. स्वच्छ पिशवी कुठली मिळणार? गाई तपासायला आम्ही खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा वापरतो. त्याचं नवं पाकीट फोडून एकाच्या तळाशी अंगठा ठेवला, वर गाठ मारली आणि फ्रीजमध्ये लशीच्या बाटल्यांवर तो हलकेच आडवा ठेवून झाकण लावलं.

"ह्ये आन् कशाला?" बायाक्कानं विचारलं.

"मिरजेत जोडतात. वहिनींना गाडीत बसवा. तुम्हीही चला."

"तुटल्यालं जोडत्यात?"

"जोडतात. वेळेत पोचलो तर."

शेजारच्या वस्तीवरचं कुणी हाकेच्या अंतरावर नव्हतं. महानंदाचा नवरा बिरू उसाच्या ट्रॅक्टरवर अथणीकडं गेलेला. बायाक्कानं चूल विझवली, दाराला कडी घातली आणि गोठ्यातल्या दोन म्हशींपुढं पाण्याची बादली सरकवून ती गाडीत बसली.

जतच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात सराईत होता. त्यांनी नीट पट्टी बांधली, दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं, मिरजेला फोन करून मोठ्या डॉक्टरांशी बोलल्या. मग गाडीपाशी येऊन फ्रीजचं झाकण स्वतः उघडून बघितलं.

"रुग्णवाहिका बाळंतपणाची केस घेऊन सांगलीला गेलीय. ती यायची वाट बघत बसू नका. यातनंच न्या," त्या म्हणाल्या. "तिथं तयारी करून ठेवतायत. हे बंद पडू द्यायचं नाही. आणि गोठूही द्यायचं नाही. किती आहे आता?"

"चार."

"चारच ठेवा."

महानंदाला मागच्या सीटवर आडवं केलं होतं. तिचा पट्टीतला हात मी पंचानं वरच्या दांडीला बांधून उंच ठेवला. फ्रीज तिच्या पायांशी, सीटसमोर खाली, आकडा उशाकडं करून. बायाक्का तिच्या उशाशी बसली. वायर पुढपर्यंत जेमतेम पोचत होती.

"आक्का, आकडे वाचता येतात ना?"

"आकडं येत्यात. अक्षरं न्हाईत."

"मग तो लाल आकडा बघत राहायचा. बदलला की मला सांगायचं."

तिनं ते काम असं घेतलं की विचारू नका. दर दोन मिनिटांनी मागनं आवाज यायचा, "चार." खड्डा आला की, "चारच हाय." एकदा "पाच" म्हणाली आणि मी ब्रेकवर पाय नेला, पण लगेच "चार झालं" असं म्हणाली. चैत्रातलं ऊन. रस्ता पांढरा पडला होता. ओम्नीत एसी नव्हता, इंजिन सीटखालीच, त्यामुळं बुडाशी नुसती भट्टी. त्या सगळ्या गाडीत थंड जागा म्हणून तेवढी एकच होती.

नागज फाटा ओलांडला आणि थोड्या वेळानं बायाक्का म्हणाली, "आकडा गेला."

"गेला म्हणजे?"

"दिसंना झाला. काळं पडलंय समदं."

मी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. खड्ड्यांनी पिन सैल झाली होती आणि भोकातली पत्र्याची पट्टी उन्हानं, गाडीच्या उष्णतेनं पसरट झाली होती. पिन दाबून धरली की आकडा यायचा, सोडली की जायचा. मी कागदाची घडी घालून बघितली, चिकटपट्टी लावून बघितली. शंभर पावलं गाडी गेली की पुन्हा काळं.

"मी धरते," बायाक्का म्हणाली.

"ती तापते आक्का. आणि मिरज अजून पन्नास किलोमीटर आहे."

"चुलीफुडं जल्म गेला माझा. सरका."

ती पुढं येऊन माझ्या शेजारी बसली, पदराची घडी केली आणि पिन अंगठ्यानं आणि बोटांनी दाबून धरली. मागचा आकडा आता कुणी बघायचा? महानंदा डोळे मिटून पडली होती.

"वहिनी," मी म्हणालो, "झोपायचं नाही. आकडा तुम्ही सांगायचा."

मग बारीक आवाज आला, "सहा."

"खाली येतोय का बघा."

"पाच."

मी गाडी काढली.

कवठेमहांकाळपर्यंत नुसते आकडे. मग बायाक्का समोर बघत, माझ्याशी नव्हे पण मला ऐकू येईल असं बोलायला लागली.

"बटण बंद केलं हुतं का मी?" ती म्हणाली. "तिनं हाक मारली, आत्याबाई, कडबा अडाकलाय, बंद करा. मी ग्येले. हात लावला बटणाला. लावला का न्हाई? रोज धा येळा लावते, कुठल्या दिसाचं आठवतंय काय ठाव. बंद केलं आसतं तर सुरू कसं झालं? तुमी हुता की थितं. तुमी काय बघितलं?"

मी गिअर बदलला.

"लाईट जाते, येते," मी म्हणालो. "आली की होतं असं."

"म्हंजी बटण चालूच ऱ्हायलं हुतं."

मी पुढच्या ट्रकला हॉर्न दिला.

"माझ्याच हातनं झालं," ती म्हणाली. "लेकीसारकी पोर. तिचा अंगठा म्या खाल्ला."

मागनं महानंदाचा आवाज आला, "चार."

बिरूचा फोन माझ्या मोबाईलवर आला. जतमधनं निघताना मी त्याला निरोप ठेवला होता. बायाक्का पिन सोडायला तयार नव्हती, म्हणून मी फोन तिच्या कानाशी धरला. "मी बटण चालू ठेवलं रं," एवढं ती म्हणाली. पुढं तो काय काय बोलला ते मला स्टिअरिंगपर्यंत ऐकू येत होतं. म्हातारी झालीस, डोळं फुटलं का, तुझ्यापायी पोरीचं वाटोळं झालं, असं बरंच. ती "व्हय" म्हणत राहिली. प्रत्येक वाक्याला "व्हय." मग तो म्हणाला की मिरजेला येतोय, आणि फोन बंद झाला.

मिरजेत पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते. दारात माणसं स्ट्रेचर घेऊन उभीच होती. महानंदाला आत नेलं. मोठे डॉक्टर हिरव्या कपड्यांत बाहेर आले, फ्रीज जमिनीवर ठेवून त्यांनी झाकण उघडलं आणि हातमोजा उजेडाकडं धरून बघितला.

"हे कुणी बांधलं?"

"मी," म्हणालो.

"गाई तपासायचा मोजा ना हा?" ते हसले. "उत्तम. कापही सरळ आहे. बघू या. कसं झालं हे?"

एक परिचारिका कागदावर लिहून घेत होती. बायाक्का पुढं झाली. तिच्या बोटांच्या पेरांवर पिनचे लालभडक डाग उठले होते.

"कुट्टीचं बटण माझ्याकडनं चालू ऱ्हायलं. लाईट आली," ती म्हणाली. "माझं नाव लिवा. बायाक्का हाक्के."

"आजी, नाव नाही लिहायचं. कसं झालं एवढंच," परिचारिका म्हणाली आणि लिहिलं. डॉक्टरांनी जाताजाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. तुमच्यासारखा माणूस तिथं होता म्हणून, असं काहीतरी म्हणाले.

आता बटणाचं सांगतो.

लाईट त्या वेळी आली नव्हती. ती दहा मिनिटं आधीच आली होती. गोठ्यातला दिवा जळत होता, मशीन चालू होतं, महानंदानं निम्मा ढीग कापलाही होता. मग कडबा अडकला आणि तिनं सासूला हाक मारली. बायाक्का आली, तिनं बटण बंद केलं, मशीन थांबलं, आणि "डॉक्टर, च्या घिऊनच जावा" असं मला म्हणून ती घरात गेली. हे सगळं मी बघत होतो. त्यानंतर मी फ्रीज आत आणला आणि भिंतीवरच्या बोर्डात त्याची पिन खोचली. लाल आकडा आला नाही. बोर्डावर ओळीनं चार काळी बटणं होती, कशावर काही लिहिलेलं नव्हतं. मी एक दाबलं, दिवा गेला. ते परत दाबलं, आणि मग दुसरं दाबलं.

एवढंच. विचारायला तोंड उघडायचं होतं फक्त. महानंदा चार हातांवर मशीनमधला अडकलेला कडबा काढत बसली होती.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. बाहेरच्या बाकावर बायाक्का बसून होती. मी तिला चहा आणून दिला, तो तिनं खाली ठेवला. पाण्याची बाटली दिली, ती मांडीवर धरून बसली. केळं दिलं, तेही तसंच. "पोर बाहेर येऊ द्या," म्हणाली. पोर बाहेर आली, अंगठा जोडला आहे, पण दोन दिवस गेल्याशिवाय खरं नाही असं डॉक्टर म्हणाले. त्यावरही ती पाणी प्यायली नाही. रखवालदाराला सांगून मी फ्रीज त्याच्या खोलीत लायटीवर लावला, लस आत होतीच, आणि गाडीत जाऊन पडलो. दर वेळी डोळे मिटले की ठरवायचो, सकाळी सांगू. आणि दर वेळी वाटायचं, न सांगूनही चालून जाईल. पोलीस नव्हते, तक्रार नव्हती. कागदावर लिहून झालं होतं. म्हातारीनं स्वतःच लिहायला लावलं होतं.

सकाळी बिरू आला. अंगावर ट्रॅक्टरची धूळ तशीच. त्यानं माझे दोन्ही हात धरले, "डॉक्टर, तुमी देवमाणूस," म्हणाला. आईकडं त्यानं बघितलंही नाही. ती बाकावरनं उठून उभी राहिली, तो तिच्या समोरनं औषधांची चिठ्ठी घेऊन निघून गेला. ती परत बसली.

एकेकाला आत सोडत होते. बायाक्का म्हणाली, "मला तोंड न्हाई. तुमी जावा." म्हणून मी गेलो.

महानंदाचा हात उशीवर ठेवला होता. पट्टीतनं अंगठ्याचं टोक तेवढं बाहेर दिसत होतं, गुलाबी. कालच्यापेक्षा तिचा चेहरा बरा होता.

"वहिनी," मी म्हणालो, "मला एक सांगायचंय."

"बोर्डाचं?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"तुमची पाठ दिसली मला. हात बोर्डावर हुता. दिवा गेला, आला, आन् मशीन फिरलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं हुतं?" ती सावकाश बोलत होती, थांबत थांबत. "गाडी तुमची. फ्रीज तुमचा. कुठं न्यायचं ते ठाव तुमाला. तिथंच म्हटलं असतं, डॉक्टर, तुमी केलं, तर तुमचं हातपाय गळालं असतं. मिरज आली असती व्हय?"

"काल गाडीत आक्का बोलत होत्या, तेव्हा..."

"मागनं समदं ऐकू येत हुतं. तुमी काय म्हनला ते बी."

मी खाली बघितलं. फरशीवर कुणाच्या तरी चपलेचा ओला ठसा होता. तो वाळेपर्यंत मी बघत राहिलो असेन.

"तुमच्यावर माझा राग न्हाई असं न्हाई," ती म्हणाली. "हाय. पर तो माझं मी बघीन. आत्याबाई कालपासनं काय खाल्ल्या का?"

"पाणीसुद्धा नाही."

"त्यास्नी साखर हाय. गोळी खाऊन उपाशी ऱ्हाईल्या तर पडतील." तिनं डोळे मिटले. "तुमी सांगा त्यास्नी. मी न्हाई सांगायची. मी सांगितलं तर त्यास्नी वाटंल पोर समजूत घालती."

बाहेर आलो तेव्हा बिरू औषधं घेऊन परत आला होता. मायलेकरं बाकाच्या दोन टोकांना बसली होती, मध्ये चार माणसं मावतील एवढी जागा. आक्काला बाजूला नेऊन सांगावं असं एकदा मनात आलं. पण मग बिरूला तिनंच सांगायला लागलं असतं, आणि त्यानं ते खरं मानलं नसतं. मी दोघांच्या मध्ये उभा राहिलो.

"आक्का, बटण तुम्ही बंद केलं होतं. मी बघितलं. नंतर मी फ्रीज लावायला बोर्डावरचं दुसरं बटण दाबलं, ते मशीनचं होतं. माझ्या हातनं झालं."

बिरू उठला. त्यानं माझ्या सदऱ्याची गळपट्टी धरली आणि मला भिंतीला टेकवलं. त्याची मूठ वर गेली. मी हात वर केला नाही.

"सोड त्याला," बायाक्का म्हणाली.

"आये, ह्येनं..."

"सोड म्हनते. मला नीट ऐकू दे. डॉक्टर, परत सांगा."

मी परत सांगितलं. पहिलं बटण, दिवा, दुसरं बटण. ती माझ्या तोंडाकडं एकटक बघत होती, काल त्या लाल आकड्याकडं बघत होती तशी.

"म्हंजी मी बंद केलं हुतं," ती म्हणाली.

"हो."

"मशीन थांबलं हुतं."

"थांबलं होतं. तुम्ही आत गेल्यावरही थांबलेलंच होतं."

"आन् ह्ये काल गाडीतच ठाव हुतं तुमाला."

"हो."

बिरूनं माझी गळपट्टी सोडली होती, पण हात तिथंच राहिला होता. बायाक्कानं मांडीवरची बाटली उचलली, झाकण फिरवलं आणि पाणी प्यायली. थांबून थांबून, अर्धी बाटली. मग पदरानं तोंड पुसलं.

"बिरू," ती म्हणाली, "मला भूक लागलीया."

तो तिच्याकडं बघत राहिला. मोठा धिप्पाड माणूस, पण त्याला काय करावं ते सुचेना. मग तो तिच्यापुढं खाली बसला आणि तिच्या बोटांवरचे फोड बघायला लागला. "ह्ये कशानं झालं?" असं त्यानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आदी भाकरी बघ कुठं मिळती का." तो गेला. पिठलं-भाकरी आणि कांदा घेऊन आला. ती तिथंच बाकावर मांडी घालून जेवली, दीड भाकरी. तो समोर उभा राहून बघत होता. शेवटचा घास खाल्ल्यावर तिनं हात धुतले आणि त्याला म्हणाली, "जा, पोरीला सांग, आत्याबाई जेवल्या."

मग माझ्याकडं वळली. रागानं नाही, मायेनंही नाही.

"तुमी जावा आता," ती म्हणाली. "लस वाया जायची. जनावरं थांबली असतील."

मी रखवालदाराच्या खोलीतनं फ्रीज घेतला. आकडा चार होता. गाडीतली पिन सैलच होती, ती वाटेत एका गॅरेजवाल्याकडून घट्ट बसवून घेतली आणि त्याच दिवशी दुपारी हाक्केवस्तीच्या पुढच्या वस्तीवर अठ्ठावीस जनावरांना टोचलं.

अंगठा जगला. तिसऱ्या आठवड्यात टाके काढले. दरम्यान सांगलीच्या एका पेपरात चार ओळी आल्या, पशुवैद्यकानं फ्रीजमधनं अंगठा नेला म्हणून, आणि पंचायत समितीनं माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरवला. मी साहेबांकडं जाऊन सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "ऐवळे, हे तोंडी ठीक आहे. कागदावर कशाला आणता?" मी कागदावर आणलं. सत्कार झाला नाही. खात्याचा मेमो आला, त्याचं उत्तर दिलं, पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली शिराळ्याला झाली. ती त्यामुळं झाली का व्हायचीच होती, ते मला आजवर कळलेलं नाही.

पण बदलीच्या आधी, दिवाळीच्या तोंडाशी, लशीची पुढची फेरी आली आणि मला हाक्केवस्तीवर जावंच लागलं. रात्रभर झोप नीट लागली नव्हती. गाडी लांब, बांधावर उभी केली, चालूच ठेवली, फ्रीज गाडीतच राहू दिला, आणि लस पिशवीत घेऊन चालत गेलो.

बिरू घरी नव्हता. महानंदानं पहिली म्हैस धरली. शिंगाला धरलेल्या उजव्या हाताचा अंगठा इतर बोटांपेक्षा जरा बारीक आणि ताठ होता, मुळाशी गोल वण. मी सुई टोचली, बाजूला झालो.

"दुखतो का?"

"थंडीचा ठणकतो. सकाळी गार पाण्यात घालवत न्हाई. टोकाला अजून नीट कळत न्हाई."

"धार काढता येते?"

"काढते की."

"जोर आलाय म्हणजे."

"मला काय इचारताय," ती म्हणाली, "म्हशीला इचारा."

मी हसलो, तीही थोडं हसली. बायाक्का ओसरीवर शेंगा निवडत होती. ती हसली नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठली, गोठ्यात आली, आणि दुसऱ्या म्हशीचं दावं सोडून तिला स्वतः माझ्यापुढं धरून उभी राहिली.